चेंडू टेकेपर्यंत

नाशिकच्या सुमनबाग सोसायटीत पिकलबॉलचा चेंडू आत पडतोय की बाहेर, यावर दोन्ही बाजूंचं एकमत झाल्याशिवाय तो जमिनीला टेकत नसे. रेघेजवळ आला की वीतभर उंचीवर थांबायचा आणि निर्णयाची वाट पाहायचा. यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. उलट भांडणं होत नाहीत म्हणून क्रीडा समितीचे सचिव कुलथे समाधानीच होते. अडचण एवढीच होती की सोसायटीतली माणसं फार सौजन्यशील. शंका असेल तर पॉइंट समोरच्याला द्यावा, असा या खेळाचा रिवाज आहे. सुमनबागेत शंका नसली तरी देत. मागच्या वर्षी दोघा सज्जनांच्या "तुमचाच" आणि "छे, तुमचाच" यांच्यामध्ये एक चेंडू अख्खं नवरात्र अडकून राहिला आणि गरबा त्याला वळसा घालून खेळावा लागला.

शशिकला बोराडे त्या सकाळी कोर्टवर आल्या त्याच दमलेल्या. खेळून दमल्या असत्या तर त्याचं काही नव्हतं, पण बाई जिंकून दमल्या होत्या. त्यांचे यजमान, तात्या, गेल्यापासून त्या एकही गेम हरल्या नव्हत्या. गुडघा धड वाकत नव्हता, बॅकहँड तर कधी आलाच नव्हता, तरी रोज अकरा पॉइंट बिनबोभाट त्यांच्या पदरात पडत. समोरचा माणूस चेंडू इतका अलगद टाकायचा की त्यांना तो मारायची लाज वाटे. मग सगळे म्हणत, "वा, काकू," आणि काकू घरी जाऊन एक कप चहा टाकत.

आज समोर सानप होते. एसटीतून निवृत्त झालेले, तात्यांचे जुने मित्र. आदल्या रात्री त्यांची झोप झाली नव्हती, त्यामुळे ते हरायचं विसरले आणि पेंगत पेंगत दहावर जाऊन पोहोचले. सर्व्हिसही त्यांचीच. शशिकलाबाईंनी ती परतवली, जरा जास्तच जोरात, आणि चेंडू सानपांच्या मागच्या रेघेपलीकडे जाऊन थांबला. बाहेर म्हटलं तर गेम सानपांचा. आत म्हटलं तर सर्व्हिस बाईंकडे, आणि पुढचं सगळं नेहमीसारखं.

सानप खडबडून जागे झाले. "आत," ते म्हणाले. "मस्त मारलात, वहिनी."

"बाहेर आहे, भाऊजी."

"रेघेला लागणारच आहे तो."

"रेघ कुठंय आणि तो कुठंय, बघा तरी."

सानपांनी बघितलं नाही. कुलथे आले, त्यांनी चेंडूभोवती एक फेरी मारली आणि चेंडू हवेत असताना खेळाडूंना कोर्ट सोडता येणार नाही, याची दोघांना नम्र आठवण करून दिली. मग खुर्च्या मागवल्या. पुढच्या गेमसाठी थांबलेली मंडळी म्हणाली, "होऊ द्या सावकाश, आम्हाला कुठं घाई आहे?" आणि सावलीला सरकली.

ऊन चढलं. कोणाच्या तरी घरून पोहे आले. शशिकलाबाईंचा गुडघा ठणकायला लागला होता आणि त्यांना या सगळ्याचा वीट आला होता.

"बरं, आत," त्या म्हणाल्या. "संपवा एकदाचं."

चेंडू चार बोटं खाली आला, घुटमळला आणि परत वर गेला.

"मनापासून नव्हतं," कुलथे म्हणाले. "तसलं एकमत तो धरत नाही. कालच्या बैठकीतही हा विषय निघाला होता."

शशिकलाबाई खुर्चीतून उठल्या आणि नेटपाशी गेल्या. "भाऊजी, इकडे या."

सानप आले.

"तुम्हाला दिसतोय ना तो बाहेर?"

सानप हातातल्या फळीवजा पॅडलच्या कडेची पट्टी नखानं सोलत राहिले. "तात्यानं दवाखान्यात माझा हात धरला होता, वहिनी. म्हणाला, हिच्याकडे लक्ष दे. आता बँकेतलं मला कळत नाही, औषधांचं तुमची लेक बघते. माझ्या हातात हा एवढा खेळच आहे. तुम्हाला कसं हरवू?"

"तात्या मला रोज हरवायचे."

"त्याचं वेगळं होतं."

"काय वेगळं होतं? चेंडू बाहेर गेला की बाहेर म्हणायचे, आणि वर हसायचे. मी घरी येईपर्यंत बोलत नसे त्यांच्याशी." बाईंनी पॅडल नेटवर टेकवलं. "तुम्ही वाईट काही केलं नाहीत, भाऊजी. सगळे फार चांगले वागलात. पण ते गेल्यापासून माझ्याशी कोणी खेळलेलंच नाही. मी रोज इथं येते आणि एकटीच असते."

सावलीतली माणसं पोहे खायची थांबली. कुलथ्यांना काहीतरी बोलावंसं वाटलं, पण समितीचं असं काही धोरण ठरलेलं नव्हतं.

सानप वळले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी चेंडूकडे नीट पाहिलं.

"बाहेर," ते म्हणाले. मग घसा साफ करून म्हणाले, "चांगलाच बाहेर आहे. एवढा जोर लावायची गरजच नव्हती, वहिनी."

"नव्हतीच."

चेंडू पडला, दोन टप्पे खाऊन कुंपणाकडे घरंगळत गेला. कुलथ्यांनी अकरा-सात, सानप विजयी, असं जाहीर केलं. दोघांनी नेटवरून पॅडलला पॅडल लावलं. शशिकलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पदरानं पुसलं.

थांबलेली मंडळी रिवाजाप्रमाणे म्हणाली, "खेळा हो अजून एक, आम्ही थांबतो." अशा वेळी दोनदा तरी नको म्हणायचं असतं. शशिकलाबाई एकदाही म्हणाल्या नाहीत आणि सरळ आपल्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्या.

दुसऱ्याच रॅलीत सानपांचा फटका त्यांच्या दंडावर सणकून बसला. जागा लगेच लाल झाली. सानपांनी घाबरून माफीसाठी हात वर केला.

"हात खाली घ्या," शशिकलाबाई दंड चोळत म्हणाल्या, "आणि सर्व्हिस करा."

सानपांनी हात खाली घेतला आणि सर्व्हिस केली.