चुन्याखालचं गाव

गोदूबाईंनी रिकामं खोकं केरात टाकलं की घटकाभरात ते त्यांच्या नवऱ्याच्या, केसरीनाथ भोईरांच्या खोलीत पोचलेलं असे. गेल्या उन्हाळ्यापासून हे असंच चाललं होतं. वडपे गावाची शेतं गोदामांखाली गेली, केसरीनाथांच्या हाताचं काम गेलं, आणि यंदा त्यांनी गणपतीच्या आराशीत आपलं जुनं गाव उभं करायचं ठरवलं. गोदामांच्या आधीचं, महामार्ग रुंद व्हायच्या आधीचं, जसंच्या तसं. तीन हाताला एक बोट, हे माप.

मापाच्या बाबतीत ते कुणाचं ऐकत नसत. भांडी घासायच्या झिजलेल्या हिरव्या घासण्यांचं कुंपण झालं. वाळवलेली चहाची पूड अंगणात माती म्हणून पसरली. सूनबाई मृणालीचं माहेर कामतघरचं. तिथल्या कापडाच्या लूमवर सूत संपलं की पुठ्ठ्याचे कोन फेकून देतात, ते तिच्याकडून पिशवीभर मागवले आणि त्यांच्यावर झाडूच्या काड्या चिकटवून पेंढ्याची उडवी रचली. पार्सलच्या खोक्याचा वरचा कागद सोलला की आतून नळ्यानळ्यांचा पुठ्ठा निघतो, त्याची कौलं इतकी हुबेहूब झाली की गोदूबाई नकळत म्हणाल्या, "कौलं शाकारायला झाली."

अडलं ते सावळाराम म्हात्र्यांच्या घरापाशी. सावळाराम हे शेजारी आणि बालमित्र. त्यांचं जुनं घर लांबलचक, बसकं आणि अरुंद होतं. टूथपेस्टचं खोकं जाड पडे, उदबत्तीचं बारीक. चार दिवस केसरीनाथांचं जेवणात लक्ष नव्हतं. मग एके सकाळी स्वतःच्या कपाटातला वरचा कप्पा उघडताना त्यांच्या हाती एक खोकं लागलं आणि ते बोटांनी मोजून बघत जागच्या जागी उभे राहिले. तंतोतंत.

मृणालीने खोक्यावरचं नाव वाचलं आणि सासऱ्यांकडे न बघता म्हणाली, "बाबा, हे गुळगुळीत आहे. यावर चुना टिकणार नाही. उलटं करून चिकटवा, नाहीतर आधी कागद तरी लावा."

"उलटं केलं तर कोपरं फाटतात, कागद लावला तर भिंत जाड व्हते. आपल्या घरांना चुनाच व्हता," केसरीनाथ म्हणाले. सगळ्या गावाला चुन्याचे दोन हात दिले, खाली गेरूचा पट्टा ओढला. गाव लख्ख दिसू लागलं.

गणपती बसले आणि बघायला रीघ लागली. म्हातारी माणसं आपापलं घर शोधत आणि सापडलं की तिथंच बसत. दुसऱ्या दिवशी दुपारी सावळाराम अकलोलीच्या पाहुण्यांना घेऊन आले. त्यांच्या मुलीचं, रंजिताचं लग्न तिकडे जमत आलं होतं, फक्त होकार यायचा होता. मुलाचे वडील जुन्या वळणाचे. मुलीचं मूळ घर कसं होतं, हे त्यांना बघायचं होतं. घर तर गोदामाखाली गेलं, म्हणून सावळारामांनी त्यांना थेट आराशीपुढे आणून बसवलं.

खोली माणसांनी भरली. पाहुणे घाम पुसताहेत हे बघून गोदूबाईंनी टेबलफॅन आणला, आराशीशेजारी ठेवला आणि पुरा सोडला.

सुकलेला चुना आधी पापडासारखा सुटला, मग भुरभुर उडू लागला. बोलण्याच्या नादात कुणाचं लक्ष नव्हतं.

"यो आमचा घर," सावळाराम अभिमानाने बोट दाखवत होते. "आज्यानं बांधलेला. पडवी बघा किती लांब हाय."

"आणि भिंतीवर ही पाटी कसली?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

सावळारामांचा चष्मा घरी राहिला होता. "पाटी? आज्याच्या नावाची आसंल. केसरी काय सोडत न्हाय."

पाहुणे वाकले आणि सावकाश वाचू लागले, "जुनाट मूळव्याधीवर खात्रीचा इलाज."



"आजोबा वैद्य होते वाटतं," पाहुणे आदराने म्हणाले.

बुडत्याला हा आधार पुरेसा होता. "व्हते ना," सावळाराम म्हणाले. "झाडपाला देत. लांबून लांबून मानसं येत."

"कंचा झाडपाला?" कोपऱ्यातून आवाज आला. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. "तुजा आजा रेतीच्या होडीवर व्हता. त्याला साधा काढा करता येत नव्हता."

पाहुण्यांनी सावळारामांकडे बघितलं. सावळाराम जमिनीकडे बघू लागले. मूळव्याधीपर्यंत ठीक होतं, पण सोयरीक जुळायच्या आधीच खोटं पकडलं गेलं होतं. दारात रंजिता हातात सरबताचा ट्रे घेऊन उभी होती, तिला पुढे येववेना आणि मागेही जाववेना.

केसरीनाथांनी एकदा रंजिताकडे बघितलं, एकदा गणपतीकडे. मग घसा साफ केला.

"पाव्हनं, त्यात सावळ्याचा काय दोष न्हाय. ते मलमाचं खोकं हाय. मलम माझं हाय. मापात बसलं म्हनून घेतलं."

एवढ्यावर भागायला हरकत नव्हती. पण खोकी केसरीनाथांच्या घरची आहेत हे एकदा कळल्यावर लोक बाकीच्या भिंतीही वाचू लागले. पोलीस पाटलांच्या घरावर 'पोटातील वायूपासून सुटका' उमटलं होतं. शाळेच्या दर्शनी भिंतीवर 'काळेभोर केस, कुणाला कळणारही नाही' असं ठसठशीत होतं. ते वाचून सगळ्यांच्या माना हळूहळू वर झाल्या आणि केसरीनाथांच्या डोक्यावर स्थिरावल्या. गाव बघायला आलेल्यांनी भोईरांचं घर वाचून काढलं.

"पंखा बंद कर, गोदू," केसरीनाथ हळूच म्हणाले.

"आता कशाला?" गोदूबाई म्हणाल्या. "वाचून झालं समद्यांचं."

पाहुण्यांनी सरबत घेतलं, प्रसाद घेतला आणि फारसं न बोलता गेले. सावळारामही निरोप न घेता गेले. केसरीनाथ त्या संध्याकाळी जेवले नाहीत. लोक हसले याचं त्यांना काही नव्हतं; मित्राच्या पोरीचं लग्न आपण एका खोक्यापायी मोडलं, हे गिळवत नव्हतं.

सकाळी अंगणात चपला वाजल्या. सावळाराम आले होते, हातात पेढ्यांचा पुडा.

"फोन आला," ते म्हणाले. "होकार हाय. म्हनाले, चारचौघांत शेजाऱ्यासाठी असं कबूल करनारा मानूस ज्या गावात हाय, तिथं सोयरीक करायची."

केसरीनाथांनी पेढा तोंडात टाकला. सावळाराम मात्र जायचं नाव घेईनात. चुना उडालेल्या गावाकडे बघत उभे राहिले.

"आनखी एक विचारलंय त्यांनी," शेवटी ते म्हणाले. "त्या मलमानं गुन येतो का?"

"येतो."

"मग एक ट्यूब दे. त्यांच्यासाठी."

केसरीनाथ आत गेले, कपाटातून ट्यूब आणून त्यांनी सावळारामांच्या हातात ठेवली. ती खिशात टाकून सावळाराम उंबऱ्यापर्यंत गेले आणि थांबले.

"आजून एक हाय का?"

"पाव्हन्यांना दोन लागतील?"

सावळाराम रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रककडे बघत राहिले. "हाय का न्हाय, तेवढं सांग."

केसरीनाथ काही न विचारता पुन्हा आत गेले.