मुरक्याची नोंद

शब्दकोशाच्या कचेरीत आप्पांचा नियम एकच. जे अंगानं करता येतं, ते करून पाहिल्याशिवाय लिहायचं नाही. 'जांभई'च्या नोंदीला त्यांची अख्खी दुपार गेली होती. आज तपासणीच्या बाई यायच्या होत्या. कचेरी चालू ठेवायची की कुलूप लावायचं, हे त्या ठरवणार होत्या. आणि आज नेमका 'मुरका' निघाला.

"आप्पा, आजचा दिवस राहू द्या की," मदतनीस ताई दमलेल्या आवाजात म्हणाल्या. "नाचातली अदा, एवढं लिहू. मग 'मुरके मारणे' म्हणजे काम सांगितलं की उगाच आढेवेढे घेणे. झालं!"

"आणि आधी मान वळते की कंबर?"

"तुमच्या वयात दोन्ही वळू नयेत."

आप्पांनी चष्मा काढला. एक हात कमरेवर, एक बोट हनुवटीखाली ठेवून ते मुरडले. कट्कन आवाज आला.

"कंबर आधी," आप्पा कण्हले. "लिहून घ्या. आणि मला सरळ करा."

खांदा ओढला तर मान तिरकी होई, मान धरली तर कंबर आणखी बाहेर येई. शेवटी ताईंनी त्यांना खुर्चीत टेकवलं. खुर्ची फिरती. गर्रकन वळून आप्पा दाराकडे तोंड करून थांबले. दारात तपासणीच्या बाई.

"या बाई," आप्पा म्हणाले, आणि कळ येऊन त्यांचा एक डोळा मिटला.

ताईंनी कपाळावर हात मारला. "गेली कचेरी!"

चिठ्ठीवरची नोंद वाचून बाई थकून खाली बसल्या. "सकाळपासून जाईन तिथं माझ्यापुढे मुरकेच चाललेत. मुरका मारताना खरंच दुखलेला माणूस आज पहिल्यांदा पाहिला. 'मुदतवाढीसाठी लाडीगोडी लावणे' हा अर्थ घेतलाय का?"

"नाही. कधी केलं नव्हतं ना."

"मग करा."

आप्पांनी सगळा जीव एकवटून हनुवटीखालचं बोट हलवलं. "राहू द्या ना, बाई, आमची कचेरी."

बाईंनी सही केली. "आता लिहा," म्हणाल्या आणि गेल्या.

ताईंनी डोळे पुसत अर्थ टिपला. मग भीतभीत पुढच्या चिठ्ठ्या चाळल्या. "आता करून पाहायचं म्हणजे... 'मूर्च्छा'."

आप्पांच्या वाकड्या चेहऱ्यावर दिवसातलं पहिलं समाधान उमटलं.

"सतरंजी घाला," ते म्हणाले. "ही निवांत करू."