सून सुखी असल्याबाबत

मुंबईतल्या एका नटीनं समारंभात माईक हातात घेऊन संतापानं सांगितलं, "एका पुढाऱ्याच्या सुनेचा घरात किती छळ होतो, ते मला ठाऊक आहे. नाव घेणार नाही." नाव न घेतल्यामुळे एक जागा रिक्त राहिली, आणि ती भरण्याचं काम प्रत्येक तालुक्यानं स्वखुशीनं हाती घेतलं.

टोकावड्याजवळच्या एका गावात पुढारी म्हणावा असा एकच माणूस होता, माजी सरपंच सुनिलराव. त्यांना सून एकच, कुणाली. आणि ती नेमकी त्याच आठवड्यात आटगावला माहेरी गेली होती. सातव्यात डोहाळजेवण झालं होतं, आणि पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची पद्धत गावातल्या घराघरांत होती. पण पुढाऱ्याच्या घरी पद्धत नसते, भानगड असते.

कुणाली आईच्या हातची नाचणीची पेज पीत निवांत बसली होती. लग्नानंतर इतकं सुख तिला प्रथमच लाभलं होतं.

इकडे सुनिलरावांनी नाक्यावर बोर्ड लावला: 'आमच्या सुनेचा कोणताही छळ झालेला नाही.' वर त्यांचा हात जोडलेला फोटो, खाली अकरा शुभेच्छुक. तोवर निम्म्या गावाला काहीच माहीत नव्हतं.

"काय तरी हाय," टपरीवर चांगो म्हणाला. "मी कधी लावलाय का रे माज्या सुनेचा बोर्ड?"

मग नवऱ्याचा, ऋतिकचा फोन आला. "एका फोटोपुरती ये गो. बाबांचं झेडपीचं तिकीट अडकलंय."

आठव्या महिन्यातली कुणाली खड्ड्यांतून जीपनं आली. सासऱ्यांशेजारी हसरा फोटो निघाला. चेहऱ्यावरची सूज गरोदरपणाची होती. गावानं ती रडण्याच्या खाती जमा केली.

आता उपाय एकच उरला, ग्रामसभा. विषय क्रमांक चार: 'सौ. कुणाली सासरी सुखी असल्याबाबत.' सूचक झाले, अनुमोदक झाले, ठराव एकमताने मंजूर झाला. इतिवृत्त पूर्ण असावं म्हणून ग्रामसेवकानं विचारलं, "वहिनी, काही म्हणायचंय?"

"मला आईकडं जाऊ द्या," कुणाली म्हणाली आणि तिला रडू कोसळलं. पंधरावीस फोन एकदम वर झाले.

"आता गेलीस तर लोक म्हणतील, हाकलली," सुनिलराव घरी येऊन म्हणाले. "बाळंत होईस्तवर उंबरठा वलांडायचा नाय." अशा रीतीनं आजवर न झालेला छळ ठरावाच्या तारखेपासून रीतसर सुरू झाला. माय डोळ्यांपुढून हलत नव्हती, आणि भिंतीकडे तोंड करून पोरगी रात्रंदिवस झुरत होती.

नवव्या दिवशी नटी पुन्हा भडकली. या वेळी एका पुढाऱ्याचा जावई! नाव अर्थातच घेतलं नाही. संध्याकाळपर्यंत गाव जावई शोधायला लागलं, आणि सुनिलरावांची सून कुठं नांदते याची कुणाला पडेनाशी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळीच जीप आटगावच्या वाटेला लागली.

मुरबाड मागं पडल्यावर कुणालीनं फोन काढला. नटीचा नवा व्हिडिओ तिनं दोनदा पाहिला.

"त्या पलीकडच्या गावच्या सोसायटीच्या चेअरमनचाच जावई असंल," ती जीप चालवणाऱ्या ऋतिकला म्हणाली. "नायतर तीन महिने सासुरवाडीला कोण ऱ्हातो?"

आणि तिनं तो व्हिडिओ माहेरच्या ग्रुपवर पाठवून दिला. तुमच्यापर्यंतही एव्हाना आला असेल. तुम्ही कोणाच्या जावयाचं नाव घेतलंत?