बारा दातांची चढण

आमच्या शेजारचे शांतवन सर कुणाच्याही दारात उभ्या असलेल्या मोटरसायकलीपाशी उकिडवे बसतात आणि तिच्या मागच्या चाकाचे दात मोजतात. म्हणजे ज्या दातेरी चाकावरून चेन फिरते, त्याचे. लग्नाच्या मांडवाबाहेर मोजतात, दवाखान्याबाहेर मोजतात, एकदा तर दफनविधीला गेले असताना चर्चच्या फाटकापाशी मोजत बसले होते. गाडीचा मालक धावत येतो, त्याला वाटतं चोर आहे. सर मान वर न करता विचारतात, "मागे बेचाळीस. पुढे किती?"

मालकाला माहीत नसतं. कुणालाच नसतं.

"स्वतःच्या गाडीचं गुणोत्तर माहीत नाही," सर गुडघ्यांवर हात टेकून उठत म्हणतात, "आणि नंबरप्लेटवर वाघ काढलाय."

सर हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झाले. भिंगारच्या आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी गुणोत्तर-प्रमाण शिकवलंय, उरलेल्या निम्म्यांना अजून शिकवतायत. मी त्यांची विद्यार्थिनी. माझे वडील मार्केट यार्डात हमाल, आई सही करायला शिकली ती माझ्याकडून, आणि मी बी.एस्सी. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेली पहिली मीच. हे मी न विचारता सांगते आणि पुढेही सांगत राहणार. निकालाच्या दिवशी पेढा घेऊन गेले तर सर म्हणाले, "तू घाटाची आहेस." घरी येईपर्यंत मी विचार करत होते की हे कौतुक आहे का दुसरंच काही.

कौतुकच होतं. सरांच्या लेखी माणसं दोन प्रकारची, सपाटीची आणि घाटाची. सपाटीचा माणूस पळतो फार जोरात, पण चढ आला की बंद पडतो. आमचे नगरसेवक सपाटीचे. नवे पाळकसाहेब सपाटीचे, कारण त्यांचं प्रवचन पहिल्या पाच मिनिटांत सगळं अंतर कापतं आणि पुढे नुसतं धापा टाकतं. पुण्यातला स्वतःचा मुलगा 'हायवेचा'. हा तिसरा प्रकार, त्यावर सर जास्त बोलत नाहीत.

पण खरी सपाटीची होती ती सरांची स्वतःची गाडी.

इटालियन, पंच्याहत्तर सीसीची, लाल रंगाची. छावणीतल्या कुणा लष्करी साहेबाची बदली झाली तेव्हा त्याने ती तरुण शांतवन सरांना विकली. टाकीवरचं नाव पुसून पुसून कधीच गेलं, त्यामुळे गल्लीत तिला नुसतं 'इटली' म्हणतात. "सर कुठं गेले?" "इटली घेऊन दळणाला." तिचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात. एकदा चोराने ती पळवली. कोपऱ्यावर त्याने सवयीने ब्रेक म्हणून पाय दाबला, तो गिअर निघाला, आणि गडी थेट रसवंतीच्या बाकड्यात. सरांनी आधी गाडी तपासली, मग चोराचं डोकं तपासलं, आणि मग त्याला पाणी पाजता पाजता सांगितलं की इटलीत ब्रेक डावीकडे असतो.

सपाट रस्त्यावर इटली सुसाट पळायची. पाथर्डी रोडला सरांनी एस.टी.ला मागे टाकल्याची गोष्ट गल्लीतली पोरं पाठ म्हणतात. एकच दुखणं होतं, मागे माणूस बसलेला असेल तर तिला चढ चढता यायचा नाही. आणि सरांच्या आयुष्यात एक चढ ठरलेला होता.

लग्नाच्या वाढदिवसाला सर आणि मार्थामावशी डबा घेऊन चांदबिबी महालावर जातात. (सर लगेच सांगतात, "तो महाल नाही, कबर आहे, आणि चांदबिबीची तर नाहीच." पण जातात.) डोंगरावरच्या रस्त्याला बाभळीपाशी एक वळण आहे. तिथं पोचलं की इटली घशात काही अडकल्यासारखी खोकायची. मावशी खाली उतरायच्या. सर एकटे भुर्रकन वर जायचे आणि मावशी डबा घेऊन मागून चालत यायच्या. लग्न झाल्यापासून असंच. आमच्याकडे कुणी नवरा बायकोला मागे टाकून चालला की म्हणतात, "शांतवन सर झाला का रे?"

मागच्या साली मावशींच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. मावशी स्वतः नर्स होत्या, राहुरीकडच्या, त्यामुळे त्यांना कुणी खोटं सांगू शकत नाही. मी भेटायला गेले तेव्हा पलंगावर बसून डाळिंब सोलत होत्या. म्हणाल्या, "झालं वैशे. घरात फिरंन, चर्चला जाईन. पर आता महालावर जानं संपलं."

सर खिडकीपाशी उभे होते. संध्याकाळी बघते तर ते त्यांच्या अंगणात इटलीचं चेनकव्हर खोलून बसले होते.

मुलाचा फोन आला. "पप्पा, मी कार घेऊन येतो ना. थेट वरपर्यंत जाते."

"कार कुणीही चढवेल," सर म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढच्या दातेरी चाकाला चौदा दात होते. सरांनी तीन दिवस पाटीवर आकडेमोड केली आणि सोळा दातांचं चाक बसवायचं ठरवलं. मोठं चाक, मोठी ताकद. पण या गाडीचे सुटे भाग इटलीतही मिळणार नाहीत. मी नागापूरच्या एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे, शेजारच्याच गाळ्यात रफिकभाईंचं लेथ आहे. त्यांना मी गळ घातली. त्यांनी जुन्या चाकाचा मधला भाग कापून ठेवला, आपल्याकडच्या एका गाडीच्या चाकाचे दात त्याभोवती वेल्ड केले आणि सरांच्या हातात देत म्हणाले, "मधलं भोक इटलीचं, भवतालचे दात नगरचे. आता तुमी आणि ती बघून घ्या."

सरांनी चाक बसवलं, किक मारली आणि गल्लीच्या तोंडाशी गेले. तिथं गटारावर फरशी टाकलीय, तिचा चार बोटांचा उंचवटा आहे. इटली त्या उंचवट्यावर बंद पडली.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीच्या बसला निघाले तर सर दारात उभे. दाढी केलेली नव्हती.

"वैशाली, मी अंश आणि छेद उलटे धरले."

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"पुढचं चाक लहान हवं. लहान असलं की वेग जातो, जोर येतो. ही चूक केली म्हणून मी पोरांचे पूर्ण मार्क कापायचो. तुझेसुद्धा कापलेत."

"दोनदा," मी म्हणाले.

"शून्य," सर म्हणाले. ते त्यांनी स्वतःला दिलं होतं.

रफिकभाईंनी दुसरं चाक केलं, बारा दातांचं. या वेळी त्यांनी विचारलं, "सर, आता तरी फायनल ना? का उद्या चौकोनी सांगताय?" चेन सैल पडायला लागली म्हणून तिच्या कड्या कमी केल्या. आणि इटलीचा वेग गेला. ज्या गाडीने एस.टी.ला मागे टाकलं होतं तिला क्लासला जाणाऱ्या मुली सायकलवरून मागे टाकायला लागल्या. वर मागे वळून "गुड मॉर्निंग सर" म्हणायच्या. सरही मान हलवून "गुड मॉर्निंग" म्हणायचे. इंजिन बोंबलत असायचं आणि सर शांत असायचे. त्या पट्ठ्याने आयुष्यभर मिरवलेला वेग असा सोडून दिला आणि त्यावर एक शब्द काढला नाही.

मग चाचणी सुरू झाली. रोज सकाळी सर मला हाक मारायचे. आम्ही दोघं मिळून ज्वारीचं पोतं मागच्या सीटवर चढवायचो. वडिलांकडून मी पोतं उचलायची रीत शिकलेय, ते काम मला जमतं. सर ते दोरीने बांधायचे, पण सरळ नाही. डाव्या अंगाला झुकवून बांधायचे.

"सर, पडेल ना. मधोमध घ्या."

"ती साडीत असते," सर दोरी आवळत म्हणाले. "एका बाजूला बसते. तोल तसाच यायला हवा."

मग हँडलला हात घालून पोत्याकडे बघायचे आणि हळूच म्हणायचे, "धर गं." मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं. नंतर आलं नाही. खड्डा आला की ते पोत्याला आधी सांगायचे, हे मला पाथर्डी रोडच्या टपरीवाल्याने सांगितलं. त्याला वाटत होतं सरांना वयामुळे काहीतरी झालंय.

अर्थात हे मावशींपासून लपणार नव्हतं. एका सकाळी त्या काठी टेकत अंगणात आल्या.

"अवो, माझी ज्वारी रोज सकाळी कुठं फिरायला जाती?"

सरांना सांगावं लागलं. मावशी पोत्याभोवती एक चक्कर मारून आल्या.

"किती भरलीय?"

"सत्तर किलो."

"मी सत्तर किलोची हाय?"

"डबा धरून," सर म्हणाले.

मावशी आठ दिवस त्यांच्याशी नीट बोलल्या नाहीत, पण पोत्यातली ज्वारीही काढून घेतली नाही.

लग्नाच्या वाढदिवसाच्या दिवशी सर इस्त्रीच्या शर्टात, मावशी मोरपंखी साडीत. मी रजा टाकली आणि डबा घेऊन माझ्या स्कूटीवरून मागे निघाले. इटली बंद पडली तर मावशींना मी वर आणायचं, असं सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

डोंगराचा रस्ता सुरू झाला. पहिली दोन वळणं इटलीने कुरकुरत घेतली. मग बाभळीचं वळण दिसलं. मी मागून बघत होते. मावशींनी सरांच्या खांद्यावरचा हात काढला, निऱ्या गोळा केल्या आणि उतरायची तयारी केली. इतक्या वर्षांची सवय.

"थांबवा. उतरते मी."

"बसून राहा."

"अवो, बंद पडंल."

"मार्था, बसून राहा."

मी सरांना मावशींचं नाव घेताना तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. एरवी "अगं ऐकलंस का" चालायचं. इंजिनाचा आवाज जाड झाला. गाडी इतकी हळू झाली की शेजारून एक शेळी चालत होती आणि ती पुढे गेली. सर हँडलवर वाकले. मावशींनी हात परत खांद्यावर ठेवला. आणि वळण मागे पडलं. मी स्कूटीवर एकटीच ओरडले, "शाब्बास सर," पण कुणाला ऐकू गेलं नाही.

वर पोचल्यावर सरांनी इंजिन बंद केलं. मला वाटलं आता गुणोत्तरावर तास होणार. ते हँडल धरून तसेच बसून राहिले. मावशीही सीटवरून उतरल्या नाहीत. खाली नगर पसरलं होतं.

"चालत येताना मी सगळी वाट खाली बघायची," मावशी म्हणाल्या. "दगडं बघत. हे असं दिसतं त्ये कळलंच न्हाई."

"मला तू दिसायचीस," सर म्हणाले. "पूर्ण रस्ता. एवढीशी. वाटायचं खाली यावं, डबा तरी घ्यावा. पण ही चढून तापली असताना बंद केली की उताराशिवाय चालू व्हायची नाही."

"मग उतारावरच हुते की तुमी."

सरांनी उभ्या आयुष्यात गणितातलं उत्तर चुकल्यावर जसा चेहरा केला नसेल तसा केला. चष्मा काढून शर्टाने पुसायला लागले. पुष्कळ वेळ पुसला.

मावशींनी त्यांच्या पाठीवर दोन बोटांनी टकटक केलं. "चला. परत एकदा चढवा."

"अगं, डबा—"

"डबा वैशीजवळ हाय. तो कुठं पळतोय?"

सरांनी चष्मा लावला, गाडी वळवली आणि दोघं उतारावरून खाली गेली. मी डबा धरून एकटीच उभी राहिले. आवाज लांब गेला, पार पायथ्यापर्यंत, क्षणभर थांबला आणि पुन्हा वर यायला लागला. बाभळीपाशी तो जड झाला, पण तुटला नाही. आणि मावशींचं हसू इंजिनाच्या आधी वर पोचलं.