लाल माठातलं मत

पालिकेची नोटीस आली तेव्हा पेंटरनं आधी तिचं अक्षर पाहिलं. टाइप केलेलंच होतं, पण शब्दांमधल्या जागा कमी-जास्त पडल्या होत्या, आणि चाळीस वर्षं पाट्या रंगवलेल्या माणसाला ते खुपलं. मजकूर त्याला मुलीनं वाचून दाखवला. गल्लीच्या कडेची सातही झाडं काढून तिथे गाड्या लावायला जागा करायची होती. कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी. खाली बारीक अक्षरांत असंही होतं, की या विषयावर घरावर, कुंपणावर किंवा गच्चीत विनापरवाना फलक लावल्यास कारवाई होईल.

मुलगी शाळेत गणित शिकवायची. तिचं म्हणणं, आजच्या आज अर्ज लिहा आणि त्यावर आवक क्रमांक घेऊन या. पेंटरचा थोरला भाऊ शेजारच्याच घरात राहायचा. तो निवृत्त पोस्टमास्तर, आणि नगरसेवकाच्या पक्षाला पहिल्यापासून मत देत आलेला. त्याचं म्हणणं, निवडून दिलेल्या माणसानं ठरवलं की आपण बाजूला व्हायचं, नाहीतर निवडून कशाला द्यायचं. पेंटरची बायको शेंगा सोलत होती. तिनं फक्त पुढची शेंग उचलली.

पेंटर मात्र पेटला होता. त्यानं आयुष्यभर दुसऱ्यांची मतं लिहिली होती. एकाच भिंतीवर एका निवडणुकीत एकाला ‘विजयी करा’ आणि पुढच्या निवडणुकीत त्यावर चुना मारून दुसऱ्याला ‘विजयी करा’. या नगरसेवकाची पहिली घोषणासुद्धा त्याच्याच ब्रशानं लिहिलेली. स्वतःचं म्हणून एक वाक्य त्यानं कधी कुठे लिहिलं नव्हतं, आणि आता लिहायचं तर ते अर्जात लिहायला तो तयार नव्हता.

“अर्ज फायलीत जातो,” तो मुलीला म्हणाला, “फाईल कपाटात जाते, आणि कपाटाची किल्ली ज्याच्याकडे असते तो जेवायला गेलेला असतो. मी रस्त्यावरून वाचता येईल असं लिहिणार.”

“फलक लावायचा नाही, असं लिहिलंय बाबा.”

“लावत नाही. पेरतो.”

घरापुढची जमीन रस्त्याकडे उतरती होती. तिथला मोठा वाफा बायकोचा. तिनं तो लाल माठासाठी नुकताच भुसभुशीत करून ठेवला होता. पेंटरनं आपला बेत सांगितल्यावर तिनं हात पुसले आणि अटी घातल्या. बियाणं तिचं, वाफा तिचा, आणि भाजी तयार झाली की ती काढायची, मग ती कुठल्या का अक्षरात असेना. पेंटरनं मान डोलावली. त्या क्षणी त्यानं कशालाही डोलावली असती.

रविवारी सकाळी सुतळी आणि चुना घेऊन त्यानं आखणी केली. दोन ओळी. वरच्या ओळीत ‘झाडं तोडू’, खालच्या ओळीत ‘देणार नाही’. मुलीनं अक्षरांमधली अंतरं मोजून दिली. बायकोनं वरची ओळ पेरायला घेतली. एवढ्यात थोरला भाऊ आपलं खुरपं घेऊन फाटकातून आत आला. दोन्ही घरांत गेल्या वीस वर्षांत त्याच्याशिवाय एकही बी मातीत गेलेलं नव्हतं. वाक्य त्याला मुळीच मान्य नव्हतं, तसं त्यानं आल्या आल्या सांगितलं. पण ओळ वाकडी आली तर नाव आपल्या घराचं जाईल, असंही तो म्हणाला, आणि खालच्या ओळीपाशी बसला.

सहाव्या दिवशी वरच्या ओळीत तांबूस लव दिसू लागली. आठव्या दिवशी ‘झ’ ओळखू येऊ लागला. दहाव्या दिवशी ‘झाडं तोडू’ हे दोन शब्द अशा काही तजेल्यानं उभे राहिले, की पेंटरला स्वतःच्या जुन्या पाट्या त्यापुढे फिक्या वाटल्या. खालच्या ओळीत मात्र नुसती माती. रोज सकाळी तो चष्मा लावून उकिडवा बसायचा आणि ‘देणार नाही’ शोधायचा. मग त्याच्या मनात नको ते आलं. खालची ओळ कोणी पेरली होती?

तो उठून भावाकडे गेला. भाऊ पेपर वाचत होता.

“दादा, खरं सांग. तू बी टाकलंस का नुसतं खुरपं फिरवलंस?”

भावानं पेपरची घडी केली, पायात चपला घातल्या, वाफ्यापाशी येऊन माती उकरली. चार बोटं खाली मोहरीहून बारीक बियांची एक शिस्तीतली ओळ निघाली. पाखरं खातील म्हणून त्यानं ती खोल पुरली होती. लाल माठाचं बी मातीवर नुसतं भुरभुरायचं असतं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पोस्टात मात्र त्याला एकच गोष्ट शिकवली होती, की दिलेली वस्तू नीट आत टाकायची.

“मी तुझ्या मताच्या विरुद्ध आहे,” तो फार दुखावून म्हणाला. “बियाण्याच्या नाही.”

मुलीनं त्याच दिवशी नवं बी आणलं. या खेपेला पेंटरनं स्वतः पेरलं, वरच्यावर. आणि झाल्या चुकीची भरपाई म्हणून थोरल्या भावानं संध्याकाळी कोणाला न सांगता त्या ओळीला पाणी घातलं. झारीनं घातलं असतं तर गोष्ट वेगळी. त्यानं नळाला पाइप लावला आणि नळ पूर्ण सोडला. ‘देणार नाही’ उतारावरून वाहत फाटकापाशी गटाराच्या कडेला जाऊन साचलं. तिथे पुढे माठाचा दाट पुंजका आला, पण तो कोणत्याच भाषेत वाचण्यासारखा नव्हता.

तोवर वरची ओळ वाचून झाली होती. समोरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई, ज्यांनी झाडांसाठी घरोघर सह्या गोळा करायला घेतल्या होत्या, त्यांनी पेंटरच्या घराकडे बघणं सोडलं. तो त्यांना समजावायला गेला की वाक्य अजून पुरं व्हायचंय. त्यांनी दारातूनच सांगितलं, की त्यांनी छत्तीस वर्षं मुलांचे पेपर तपासले, आणि मनात काय होतं याचे मार्क कोणालाही दिले नाहीत.

मग नगरसेवक आला. सोबत फोटो काढणारा होता. फाटकाबाहेर उभं राहून त्यानं हात जोडले. विरोध करणारे पुष्कळ भेटतात, तो म्हणाला, पण असा पिकवून पाठिंबा देणारा नागरिक पहिल्यांदाच पाहिला. पेंटर धावत पुढे गेला. हे अर्धंच आहे, याच्या खाली ‘देणार नाही’ आहे, असं त्यानं बोट दाखवून सांगितलं. नगरसेवकानं खालच्या ओल्या मातीकडे बराच वेळ पाहिलं.

“मला तर काही दिसत नाही,” तो प्रेमानं म्हणाला. “जमिनीत असेल ते जमिनीत असू दे.”

फोटो निघाला. या सगळ्या धावपळीत हरकतीचे पंधरा दिवस कधी उलटून गेले, ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. म्हणजे मुलीच्या आलं होतं. तिनं तारीख तेवढी सांगितली आणि वह्या तपासायला घेतल्या, आणि ते पेंटरला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

पुढच्या मंगळवारी सकाळी नऊ वाजता करवत घेऊन माणसं आली. मुकादमाकडे कागद होता, आणि कागदाला वाफ्याचा रंगीत फोटो टाचलेला होता. हरकत एकही आलेली नाही, त्यात लिहिलं होतं. उलट एका रहिवाशाची लेखी संमती प्राप्त. मुख्याध्यापिकाबाईंच्या सह्यांचं काय झालं, असं पेंटरनं विचारलं. त्या दोन दिवस उशिरा पोचल्या, म्हणून परत गेल्या होत्या.

पेंटर घरात गेला, लाकडी खुर्ची घेऊन बाहेर आला आणि पहिल्या झाडाच्या बुंध्याला टेकवून तिच्यावर बसला.

“काका, उठा. आम्हाला काम करू द्या,” मुकादम म्हणाला.

“करा की. आधी मला कापा, मग झाडाला.”

हे चालू असताना बायकोनं ठरवलं की पुरावाच नाहीसा करावा. ‘तोडू’ तेवढं उपटून टाकलं की नुसतं ‘झाडं’ उरेल, आणि झाडं म्हणण्यात कोणाचं काही वाकडं होत नाही. ती घराच्या बाजूनं वाफ्यात उतरली. दुसरा शब्द उजवीकडचा, एवढं तिच्या डोक्यात पक्कं होतं. पदर खोचून तिनं दोन्ही हातांनी उजवीकडचा शब्द मुळासकट उपटला, टोपलीत भरला आणि घाम पुसत फाटकापाशी आली. अक्षरं रस्त्याकडे तोंड करून होती; घराच्या बाजूनं उजवं ते रस्त्यावरून डावं. मुकादमानं वाफ्याकडे पाहिलं. तिथे आता नुसतं ‘तोडू’ उरलं होतं.

“आता तर काही शंकाच नाही राहिली,” तो म्हणाला.

तरी माणूस वाईट नव्हता. त्यानं कचेरीत फोन लावला, आणि फोन ठेवून सांगितलं, की पाच वाजेपर्यंत तिकडून लेखी काही आणलं तर थांबतो. नाही आणलं तर खुर्चीसकट बाजूला करणार. कचेरीत जायचं तर पेंटरला खुर्ची सोडावी लागणार होती, आणि खुर्ची सुटली की झाड गेलं. तो घुटमळला. तेवढ्यात थोरला भाऊ आला, त्यानं पेंटरला दंडाला धरून उठवलं आणि स्वतः खुर्चीवर बसला.

“दादा, तू तर तोडा म्हणतोस.”

“अजूनही म्हणतो,” भाऊ म्हणाला. “पण माझ्या भावाचं अर्धं वाक्य वाचून नाही तोडायचं. जा तू.” आणि त्यानं पेपर उघडला. बायको टोपली तिथेच ठेवून पेंटरच्या मागोमाग निघाली.

कचेरीत खिडकीमागे एक कारकूनबाई होत्या. पेंटरनं वाफा, खोल गेलेलं बी, पाइप, सगळं क्रमानं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. हरकतीची मुदत संपली होती, तिथे त्यांचा इलाज नव्हता. पण मग त्यांनी फाईल पुन्हा उघडली, फोटो उलटा-सुलटा करून पाहिला, आणि आवाज खाली आणला. हरकतीला मुदत असते, त्या म्हणाल्या, संमती मागे घ्यायला मात्र मुदत नाही. आणि गल्लीत संमती फक्त एकाच घराची आहे. ती गेली की फाईल पहिल्यापासून सुरू. त्यांनी खालच्या खणातून एक पिवळट फॉर्म काढला. नोकरीला लागल्यापासून तो त्यांनी कोणाला दिला नव्हता.

पेंटरला क्षणभर थोरल्या भावाच्या पाइपचे पाय धरावेसे वाटले. त्यानं खिशातलं पेन काढलं. चाळीस वर्षांत साठलेलं सगळं त्याच्या बोटांशी आलं. फॉर्ममध्ये ‘कारण’ या शब्दाखाली चांगली अर्धं पान रिकामी जागा होती.

“जागा कोणाच्या नावावर आहे?” बाईंनी विचारलं.

पेंटरचं पेन थांबलं. जागा बायकोच्या नावावर होती.

“मग त्यांनी भरायचा. त्यांच्याच अक्षरात.”

बायको मागे बाकावर बसली होती. नखांत अजून माती होती. ती खिडकीपाशी आली. पेंटर तिच्या कानाशी लागून मजकूर सांगू लागला. पहिलं वाक्य त्यानं वाटेतच जुळवलं होतं, आणि ते खरोखर चांगलं होतं. तिनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“अहो,” ती म्हणाली, “तुम्ही बाकावर बसा.”

तो बसला. ती लिहू लागली. फॉर्मचं अर्धं पान संपलं, तिनं उलटून मागे लिहिलं, मग खिडकीतून जोडायला एक कोरा कागद मागून घेतला. पेंटर दोनदा उठून तिच्या खांद्यावरून डोकावला. दोन्ही वेळा तिनं डाव्या तळव्यानं कागद झाकला. साडेतीनला तिनं सही केली. कारकूनबाईंनी वाचायला घेतलं, पहिल्या पानावर चष्मा सारखा केला, दुसऱ्या पानावर शेजारच्या टेबलावरच्या साहेबांना हाक मारली, आणि साहेब उभ्या-उभ्याच वाचत राहिले. मग त्यांनी शिक्का मारला. असा शिक्का पेंटरनं पूर्वी कधी पाहिला नव्हता; दोन्ही हातांनी मारलेला.

पाचला दहा मिनिटं असताना ते गल्लीत पोचले. थोरला भाऊ खुर्चीवर होता. त्याच्या शेजारी दुसऱ्या खुर्चीवर मुख्याध्यापिकाबाई बसल्या होत्या, आणि दोघांचं कडाक्याचं भांडण चाललं होतं, पण उठायला कोणी तयार नव्हतं. मुकादमानं शिक्का पाहिला, करवती गाडीत टाकल्या आणि जाता जाता माठाची एक जुडी मागून घेतली.

झाडं राहिली. निदान फाईल पुन्हा सगळ्या टेबलांवरून फिरून येईपर्यंत तरी राहणार होती, आणि त्याला पोस्टमास्तरांच्या अंदाजानं पुष्कळ वर्षं लागणार होती. पंधरा दिवसांनी नगरसेवक गल्लीत आला. पेंटर छाती पुढे काढून फाटकात उभा राहिला. त्याला वाटलं, आता हा आपल्याला जाब विचारणार, आणि आपण चाळीस वर्षांचं ऐकवणार. नगरसेवक त्याच्याकडे बघून नुसता हसला. मग त्याला वाफ्यात वाकलेली पेंटरची बायको दिसली. त्याचं हसू गेलं. त्यानं लांबूनच वाकून नमस्कार केला, रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या कडेनं झपाझप निघून गेला.

पेंटरनं बायकोला विचारलं, की तू लिहिलं होतंस तरी काय.

“माझं मत,” ती म्हणाली, आणि खुरपं पुसून त्याच्या हातात टोपली दिली.