कोपऱ्यातल्या खोलीबाहेरच्या चपला

"माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही. नुसत्या शिंकेवरून मी माणसाचं आडनाव सांगतो. मला पाहून गुन्हेगार कापतात आणि पोलीस लाजतात."

हे वर्णन भिंगाने गेल्या वर्षी स्वतःच लिहून आमच्या दारावर चिकटवलं होतं. भिंग म्हणजे माझा रूम-पार्टनर. खिशात कायम भिंग बाळगतो, म्हणून सगळं होस्टेल त्याला भिंगच म्हणतं. मुंग्यांचं म्हणणं मात्र खरं आहे. साखरेचा डबा उघडा टाकणारा तोच.

आमच्याकडे दर वर्षी राहायची जागा नव्याने निवडायची असते. नव्या इमारतीत एकट्याची खोली मिळते. पलंग आत गेला की माणूस बाहेर राहतो. स्वयंपाकघराला लागून हॉल आहे: आठ पलंग, आठ गजर आणि पहाटेपासून भांड्यांचा खणखणाट. जुन्या इमारतीत दोघादोघांच्या खोल्या, आणि त्यात कोपऱ्यातली खोली म्हणजे स्वर्ग. दोन बाजूंना खिडक्या, मागे गॅलरी, बाहेर चिटपाखरू नाही. पहिल्या वर्षी मी हॉलमध्ये होतो आणि गणितात आपटलो. ते गणित अजून मानगुटीवर आहे. यंदा सुटलं नाही, तर बाबा मला मामाच्या दुकानात खिळे विकायला बसवणार आहेत.

खोली अडवायची आमची रीत सोपी आहे. दाराबाहेर चपला काढून ठेवायच्या. त्या चपलांना कोणी हात लावत नाही. मी सुट्टीवरून उशिरा येणार होतो, म्हणून भिंगाला आधी पाठवलं होतं. आलो तर सगळ्या खोल्या गेलेल्या, आणि कोपऱ्यातल्या खोलीबाहेर कुणाच्या तरी कोऱ्या निळ्या चपला.

"अरे, तू अडवली का नाहीस?"

"कशी अडवणार? आल्या दिवशीच माझ्या चपला चोरीला गेल्या."

"मग शोधल्या नाहीस?"

"असल्या फुटकळ केसेस मी घेत नाही," असं म्हणून त्याने माझ्या चपला पायात सरकवल्या आणि तो रेक्टरसरांकडे निघाला. मी अनवाणी मागे.

"सर, हा चपलावाला दोन दिवसांत कुणाला दिसलेला नाही. हा कट आहे! असल्या माणसाला हॉलमध्ये टाका आणि खोली माझ्या सहायकाला द्या."

सरांनी मान डोलावली. "संध्याकाळपर्यंत मालक शोध, तसंच करतो. नाही सापडला तर रीत ती रीत. खोली चपलांची."

भिंग चपलांसमोर पालथा पडला. "कोऱ्या, म्हणजे माणूस पैसेवाला. पट्ट्याला लाल दोरा, म्हणजे टोळीची खूण. एवढी मोलाची वस्तू टाकून जातो, म्हणजे वेंधळा, आळशी आणि डोक्याने अर्धवट. शिवाय स्वतःला फार शहाणा समजतो."

"हे कशावरून?"

"चपला बघ कशा ऐटीत ठेवल्यात."

पहिला संशय व्हॉलीबॉलच्या कप्तानावर. त्याच्या पायात त्या चपला अंगठ्यापुढे गेल्याच नाहीत. मग स्वयंपाक्यावर: तो म्हणे खोलीत कांदे साठवणार. स्वयंपाक्याने झारा उगारला, आणि भिंगाने निर्दोष म्हणून त्याची तडकाफडकी सुटका केली. शेवटी संशय गेला थेट रेक्टरसरांवर.

"परवा दुपारी कुठे होतात तुम्ही?"

"ह्याच खुर्चीत. तुझ्या तक्रारी ऐकत."

उन्हं उतरली. माझ्या डोळ्यांपुढे खिळ्यांची पोती दिसू लागली. खरं सांगतो, रडायला आलं. तेवढ्यात भिंगाची ताई त्याची विसरलेली गादी पोचवायला आली. आम्हाला शोधत ती वर आली, मागून सरही आले.

दाराशी येताच ती थबकली. "काय रे, नव्या चपला अशा दिवसभर उन्हात टाकतोस? रबर वितळेल की!"

"ताई, पुराव्याला हात लावू नकोस!"

"कसला पुरावा? मीच घेतल्यात ह्या. दर वेळी हरवतोस, म्हणून लाल दोरा बांधून दिला होता. दिसला नाही?"

भिंग हळूच म्हणाला, "आल्या दिवशी खोलीत मांजर ओरडलं. माग काढायचा तर पायांचा आवाज नको, म्हणून चपला दाराशी काढल्या. मांजर गॅलरीतून पळालं. मीही गॅलरीतूनच..."

"काखेत कळसा," ताई म्हणाली.

सर मात्र खुशीत होते. "मालक सापडला! ठरल्याप्रमाणे वेंधळा, आळशी आणि अर्धवट इसम हॉलमध्ये. खोली ह्याची. जोडीदार हाच निवडेल."

भिंगाने निमूटपणे गादी डोक्यावर घेतली. "गुन्हेगार सापडला, हे महत्त्वाचं," तो म्हणाला. माझ्या चपला त्याने माझ्यापुढे काढल्या आणि स्वतःच्या तिथेच विसरून तो अनवाणी जिना उतरू लागला. एरवी मागे बघून काहीतरी सुनावल्याशिवाय तो कधी जात नाही. आज गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझी चौकशी करायला आला. दाराबाहेर मी दोन जोड नीट मांडून ठेवले होते. तो खाली वाकला आणि त्याने खिशातून भिंग काढलं.

"सहायका, सावध!" तो कुजबुजला. "तुझ्या खोलीत दुसरा कोणीतरी राहायला आलाय. लाल दोऱ्याच्या टोळीचा!"

"माहीत आहे," मी म्हणालो. "त्याला म्हणावं, गादी वर आण. आणि साखरेचा डबा झाकून ठेव."