प्लॅनेरिया, नग एक

शाळेच्या प्रयोगशाळेत नळीकाकांनी एकतीस वर्षं काढली आणि एवढ्या काळात त्यांच्या हातून फक्त दोन परीक्षानळ्या फुटल्या. दोन्हींची नोंद वहीत होती. आता महिनाअखेरीस ते निवृत्त होणार होते आणि त्याच संध्याकाळच्या गाडीने काकूंना घेऊन लेकीकडे निघणार होते. लेकीचे दिवस भरत आले होते. काकूंनी पिशव्यासुद्धा बांधून ठेवल्या होत्या. घोडं अडलं होतं एका कागदापाशी. प्रयोगशाळेतलं सगळं सामान वहीबरहुकूम आहे, असा दाखला भाऊसाहेबांनी दिल्याशिवाय काकांची सुटका नव्हती.

भाऊसाहेब शाळेचे कारकून. त्यांच्या लेखी जग दोनच प्रकारचं होतं, नोंद असलेलं आणि नोंद नसलेलं. एक तारखेला ते वही काखोटीला मारून हजर झाले. सूक्ष्मदर्शक जुळले, चंचुपात्रं जुळली, सांगाड्याच्या बरगड्याही त्यांनी मोजून घेतल्या. मग ते खिडकीजवळच्या टेबलाशी आले आणि थबकले.

"पानफुटी, नग एक," त्यांनी वाचलं. "इथे कुंड्या पाच आहेत."

"आणली एकच होती. तिचं पान मातीवर पडलं की कडेला रोपं फुटतात. टाकवेनात, म्हणून लावली."

"प्लॅनेरिया, चपटा किडा, नग एक. बरणीत चार वळवळतायत की!"

"त्या एकाचेच झाले ते. तो मधेच ताणून तुटतो. मग शेपटीला डोकं येतं आणि डोक्याला शेपूट."

"मादी कुठाय?"

"लागत नाही."

"काका, शाळा आहे ही," भाऊसाहेब आवाज खाली आणून म्हणाले.

राहिली जिवाणूंची बशी. झाकण उघडून भाऊसाहेबांनी पेन्सिलीच्या टोकाने ठिपका टोचला, मग मोजायच्या सवयीने आजूबाजूलाही चार ठिकाणी टोचलं. "ठिपका एक. हे बरोबर आहे."

इथे काकांनी गप्प बसायला हवं होतं. पण एकतीस वर्षांचा प्रामाणिकपणा आड आला. "ठिपका एक, पण त्यात जिवाणू लाखो असतात. सोय असली की वीस-वीस मिनिटांत एकाचे दोन होतात."

"लाखो!" भाऊसाहेब स्टुलावर बसले. "कमी भरलं तर चोरी, जास्त भरलं तर लबाडी. दाखला कसा देऊ?"

प्रकरण मोठ्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिकांकडे गेलं.

"जास्तीचं भेट म्हणून आलं असं दाखवा ना," बाई म्हणाल्या.

"भेट देणाऱ्याची सही लागते."

"अहो, निसर्गाने दिलंय ते."

"मग निसर्गाची सही आणा."

सही काही मिळण्यातली नव्हती. शेवटी भाऊसाहेबांनीच नियम शोधून काढला. जास्तीचा माल तोडून निकामी करावा आणि तसा कागद करून त्यावर सही करावी. मागे मोडक्या खुर्च्यांचं त्यांनी हेच केलं होतं. ते ब्लेड घेऊनच आले.

"भाऊसाहेब, तोडू नका," काका काकुळतीला आले.

"माया आली वाटतं किड्याची?"

"माया नाही हो. तोडलं की..."

"नियम म्हणजे नियम!" त्यांनी तीन किड्यांचे प्रत्येकी तीन तुकडे केले आणि पुरावा म्हणून ते बरणीतच ठेवले. चार कुंड्यांमधली रोपं उपटली, पानं ओरबाडली आणि कोपऱ्यातल्या ओल्या गोणपाटावर टाकली. 'जास्तीचा माल नष्ट केला' या कागदावर झोकात सही केली.

पंधरा तारखेला ते फेरतपासणीला आले. बरणीत दहा प्लॅनेरिया मजेत फिरत होते. गोणपाटावर पानफुटीची एकवीस रोपं उभी होती. बशीत जिथे जिथे पेन्सिल लागली होती, तिथे तिथे नवा ठिपका होता.

"हे तुम्ही मुद्दाम करताय," भाऊसाहेब कडाडले. काकांनी हात धरेपर्यंत त्यांनी नऊ किड्यांचे प्रत्येकी चार तुकडे केले होते आणि दुसऱ्या कागदावर सहीही ठोकली होती.

त्या दिवशी काका घरी गेले ते तोंड पाडून. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"किडे तुम्ही तोडले?" त्यांनी विचारलं.

"भाऊसाहेबांनी."

"सही कुणाची?"

"त्यांचीच."

"मग तुम्हाला कसली चिंता?" काकूंनी ताट वाढलं. काकांचा घास हातातच राहिला. आपल्या बायकोला शाळेत का घेतलं नाही, असं त्यांना मनापासून वाटलं.

शेवटचा दिवस उजाडला. गाडीला दोन तास उरले होते. बरणीत सदतीस प्लॅनेरिया होते. नवा माणूस येईपर्यंत प्रयोगशाळा भाऊसाहेबांनी ताब्यात घ्यावी, असा मोठ्या बाईंचा हुकूम होता.

"सदतीस!" भाऊसाहेब ओरडले. "दाखला विसरा!"

"नका देऊ," काका शांतपणे म्हणाले आणि दोन्ही कागद त्यांनी बाईंसमोर ठेवले. "फक्त एवढं सांगा, दोनदा नष्ट केलेला माल बरणीत कसा?"

बाईंनी सह्या पाहिल्या. मग भाऊसाहेबांकडे पाहिलं. भाऊसाहेबांनी बरणीकडे पाहिलं, घाम पुसला आणि घसा साफ केला.

"मला तर एकच दिसतोय," ते म्हणाले.

दाखला मिळाला. त्याखाली ताबा घेतल्याची नोंद भाऊसाहेबांनी स्वतःच्या हाताने केली: पानफुटी, नग एक, ठिपका एक, प्लॅनेरिया, नग एक, अक्षरी एक फक्त. काकांनी गाडी पकडली.

आठ दिवसांनी फोन वाजला तेव्हा काकांच्या मांडीवर नात झोपली होती. एवढीशी नात पाहून त्यांना सकाळपासून तीनदा रडू आलं होतं.

"काका," पलीकडून भाऊसाहेबांचा रडवेला आवाज आला, "उद्या वरून तपासणी आहे. वहीत एक आहे आणि बरणीत मोजता येत नाहीत इतके झालेत. काय करू?"

नातीची झोप मोडू नये म्हणून काका हळूच म्हणाले, "सगळं सांगतो. आधी हातातलं ब्लेड खाली ठेवा."